फॅनबॉय नेमकं कोणाला म्हणायचं? (पीसी, कन्सोल, मोबाईल, सगळे या)

मलप्रभा_काठ:
पीसी विभागात परवा जे रामायण झालं ते बहुतेकांनी वाचलं असेल. खानापूर तालुक्यातल्या एका मुलानं साधं विचारलं होतं, जुन्या बी४५० मदरबोर्डावर कुठलं ग्राफिक्स कार्ड बसवू. तिसऱ्या प्रतिसादात ‘एएमडी फॅनबॉय’ (म्हणजे कंपनीचा आंधळा चाहता) आलं, पाचव्यात ‘एनव्हिडियाचे भक्त’ आलं (दोन्ही कार्ड बनवणाऱ्या कंपन्या), तिथून पुढं कार्डाचं नावच कोणी घेतलं नाही. पोरगा गप्प झाला.

म्हणून वेगळा धागा. एखाद्याला फॅनबॉय म्हणतो तेव्हा आपण त्याच्यावर नेमका कसला आरोप करतो? एकाच कंपनीचा माल घेतो म्हणून? लाँचच्या रात्री जागतो म्हणून? की वाद घालतो म्हणून?

माझं मत मांडतो, झोडा. आवड असणं हा गुन्हा नाही. ज्या दिवशी आपल्या लाडक्या कंपनीची चूक उघड होते, त्या दिवशी माणूस काय बोलतो त्यावर ठरतं.

निपाणीकर:
रुमाल टाकून ठेवतो. भडंग घेऊन आलोच.

कॅम्पातला_कॅम्पर:
सीमाप्रश्न एक वेळ सुटेल, एनव्हिडिया-एएमडी सुटायचं नाही.

फ्रेमड्रॉप:
मलप्रभा, तुमची कसोटी पटली, पण ती हवेत नको. खरी उदाहरणं घेऊन लावून बघा.

एनव्हिडिया: जीटीएक्स ९७० वर ४ जीबी मेमरी लिहिलेली. २०१५ च्या सुरुवातीला बाहेर आलं की त्यातला शेवटचा अर्धा जीबी बाकीच्या साडेतीनपेक्षा कितीतरी हळू आहे. शिवाय आरओपी (पिक्सेल शेवटी रंगवणारे चिपमधले भाग) ६४ सांगितले होते, निघाले ५६. अमेरिकेत खटला झाला आणि कार्डामागं ३० डॉलर द्यायचं ठरलं. “साडेतीन पुरतात की” म्हणणारे त्या वेळी ढिगानं होते.

एएमडी: जानेवारी २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी. पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेच्या) फक्त ४ लेन, मेमरी ४ जीबी, आणि व्हिडिओ एन्कोडर चिपमध्ये ठेवलेलाच नाही. पीसीआयई ४.० बोर्डावर निभावतं. जुन्या ३.० बोर्डावर तेवढ्याच ४ लेन अर्ध्या वेगानं चालतात. गेमनं ४ जीबी भरले की उरलेला डेटा त्या अरुंद वाटेनं रॅममधून ये-जा करतो, आणि स्क्रीन अडखळायला लागते. ‘सेटिंग कमी करा’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही.

इंटेल: १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजनं झिजत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ०x१२९ मायक्रोकोड (बायोस म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमधून चिपला मिळणारी दुरुस्ती) आला, वॉरंटी २ वर्षांनी वाढली. अपडेटनं पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. म्हणजे आधीच क्रॅश होणाऱ्या चिपला “बायोस अपडेट कर, होईल ठीक” हा सल्ला चुकीचा. ती बदलूनच घ्यायची.

आता या तिन्ही गोष्टी त्या-त्या कंपनीच्या चाहत्याला विचारा. “होय, चूक होती” एवढे शब्द ज्याच्या तोंडून निघतात त्याला मी फॅनबॉय म्हणणार नाही, मग त्याच्या घरात सगळं लाल (एएमडी) असो, हिरवं (एनव्हिडिया) असो नाहीतर निळं (इंटेल).

सोल्डरवाला:
एएमडीवरची यादी एका ओळीवर उरकलीत, फ्रेमड्रॉप. २०२३ मध्ये त्यांचे रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर बोर्डावर जळायला लागले आणि एसओसी (चिपच्या एका भागाच्या) व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली, ते कुठं गेलं?

फ्रेमड्रॉप:
होय, चूक होती.

कॅम्पातला_कॅम्पर:
पास! प्रमाणपत्र घरपोच.

अनगोळकर:
मला पटलं नाही. तुम्ही सगळे असं धरून चाललाय की फॅनबॉय म्हणणारा माणूस खरोखर काहीतरी तपासून म्हणतो. दहातल्या नऊ वेळा तो शब्द समोरच्याला गप्प करायला वापरतात.

परवाचाच धागा काढून बघा. ज्याला एएमडी फॅनबॉय म्हटलं त्यानं लिहिलेलं काय होतं? ‘आरएक्स ६६०० घे, आरटीएक्स ३०५० घेऊ नको.’ यात भक्ती कुठली? नुसत्या गेमसाठी ६६०० सरळसरळ पुढं आहे. ८ लेनचं कार्ड असल्यानं बी४५० सारख्या ३.० बोर्डावर फरक नगण्य पडतो. वीज १३२ वॅट, एकच ८-पिन. त्याच्या विरोधात एकही आकडा आला नाही, आला तो फक्त शब्द.

उलट, ३०५० सुचवणाऱ्यानं एक गोष्ट सांगायलाच हवी होती. ३०५० नावाची दोन कार्डं बाजारात आहेत. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर, १२८-बिट बस (मेमरीची वाट), १३० वॅट. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर, ९६-बिट बस, ७० वॅट. मेमरीच कमी नाही, चिपच बारकी. दुकानात विचारलं तर उत्तर एकच, “३०५० आहे की!” खोक्यावरचा जीबी वाचल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

रेंज_नाही_जांबोटी:
अनगोळकर +१. शब्द आला की समजायचं मुद्दे संपले.

घटप्रभा:
हे भांडण कार्डांपेक्षा जुनं आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेत सेगा विरुद्ध निन्टेन्डो पेटलं ते कंपन्यांनी जाहिराती करून पेटवलं. सेगाच्या जाहिरातीत निन्टेन्डोचं नाव घेऊन टोमणे असायचे. शाळकरी पोरांनी बाजू घेतली कारण घरात एकच यंत्र परवडायचं. ज्याच्या घरी सेगा, त्याला निन्टेन्डो वाईट ठरवणं भाग होतं. पुढं जानेवारी २००१ मध्ये सेगानं आपलं ड्रीमकास्ट यंत्र बंद करायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी सेगाचाच सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर धावायला लागला. दहा वर्षं ज्यांनी मित्राशी अबोला धरला त्यांनी काय करायचं?

आपल्याकडं तेव्हा दोन्ही कंपन्या दुर्मीळ. बाजारात मिळायची ती पिवळ्या कॅसेटची ‘९९९९ इन वन’ यंत्रं, आणि ती निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. म्हणजे शहापूर-वडगावातली अख्खी पिढी नकळत निन्टेन्डोची.

आता पुन्हा तेच बघा. एप्रिल २०२५ मध्ये एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टचं फोर्झा होरायझन ५ सोनीच्या पीएस५ वर आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलोसुद्धा पीएस५ वर येणार अशी घोषणा झाली. तिकडं सोनीचे होरायझन झीरो डॉन ऑगस्ट २०२० मध्ये आणि गॉड ऑफ वॉर जानेवारी २०२२ मध्येच पीसीवर पोचले होते. कंपन्यांना जिथं गिऱ्हाईक तिथं दुकान मांडायचं असतं. कुंपण फक्त चाहत्यांच्या डोक्यात उरतं.

निपाणीकर:
पण किंमत हे कारण अजून खरं आहे. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तो ४९,९९० ला, एक्सबॉक्स सिरीज एक्सही तेवढ्यालाच. एवढे पैसे एकदा घातल्यावर माणूस पाच-सहा वर्षं तरी ‘आपण बरोबरच घेतलं’ हेच म्हणणार. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. वाईट तेव्हा, जेव्हा तो दुसऱ्याला तेच घ्यायला लावतो.

सोल्डरवाला:
कन्सोलचा विषय निघालाय तर स्टिक ड्रिफ्टवर बोलतो, कारण यावरून जेवढी शिवीगाळ चालते तेवढी कशावरच नाही. “पीएसचा कंट्रोलर भंगार”, “एक्सबॉक्सचा दणकट”, हे ऐकून हसू येतं. दोन्ही उघडा. आतलं स्टिक मॉड्यूल एकाच जातीचं असतं, दोन बाजूंना हालचाल मोजणारे दोन पोटेंशिओमीटर (पॉट). आत कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक पातं घासतात. पट्टी झिजली, की अंगठा काढला तरी मधल्या बिंदूचं रीडिंग सरकलेलं राहतं आणि गेममधला माणूस आपोआप चालायला लागतो. कंपनी बदलून यातून सुटका नाही.

दुरुस्ती: मॉड्यूलला १४ पाय. दोन पॉटचे तीन-तीन, बटणाचे चार, धातूच्या चौकटीचे चार. चौकटीचे पाय ग्राउंडला जोडलेले असल्यानं उष्णता खाऊन टाकतात. तिथं घाई करून ओढलं की भोकातला तांब्याचा अस्तर-कडा निघून येतो आणि बोर्ड गेला. म्हणून आधी सगळ्या पायांना ताजं सोल्डर आणि फ्लक्स लावायचं, मग पंपानं ओढायचं. नवीन बसवताना हॉल इफेक्ट किंवा टीएमआर (चुंबकानं हालचाल ओळखणारं मॉड्यूल) घ्या, त्यात घासणारं काही नसतं. बसवून झाल्यावर कॅलिब्रेशन (मधला बिंदू पुन्हा जुळवणं) करायलाच लागतं. ते विसरतात आणि ‘हॉलचा माल बोगस’ म्हणून पुन्हा ओरडतात.

काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की चार-आठ दिवस बरं वाटतं. धूळ असेल तर उपयोग, झीज असेल तर नाही.

चिकोडी_क्लच:
सोल्डरवाला, आपल्याकडं पावसाळ्यात ड्रिफ्ट वाढतो म्हणतात, ते खरं काय?

सोल्डरवाला:
दमट हवेत धूळ चिकटून बसते, एवढाच भाग खरा. जूनमध्ये सुरू झालेला ड्रिफ्ट आधी फवाऱ्यानं बघा, मग सोल्डरिंग काढा.

एम४१६_उचगाव:
सगळे पीसी-कन्सोलवर अडकलाय. खरे फॅनबॉय बघायचे तर संध्याकाळी कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसलेली पोरं बघा. बीजीएमआयवाला (पबजीचा भारतीय अवतार खेळणारा) फ्री फायरवाल्याला माणसात धरत नाही. ‘कार्टून गेम’ म्हणे!

अरे, दोन्ही गेम वेगळ्या फोनसाठी बनवलेत. बीजीएमआयचा इरँगल नकाशा ८ बाय ८ किलोमीटर, १०० खेळाडू, मॅच अर्ध्या तासाची. फ्री फायरमध्ये ५० खेळाडू आणि दहा मिनिटांत निकाल. ज्याच्याकडं कमी रॅमचा फोन, त्याला इरँगलवर उतरताना इमारती उशिरा दिसतात, तोवर कोणीतरी बंदूक उचलून मारतोय. त्यानं फ्री फायर निवडलं तर ती अक्कल आहे, चव नसणं नव्हे.

आणि निष्ठेचं म्हणाल तर सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईल बंद झालं, जुलै २०२१ ला बीजीएमआय आलं, जुलै २०२२ ला तेही काढलं, मे २०२३ ला परत आलं. त्या दहा महिन्यांत कितीतरी इरँगलवाले गुपचूप फ्री फायर मॅक्स खेळत होते.

कॅम्पातला_कॅम्पर:
नावं सांग मर्दा, नावं.

एम४१६_उचगाव:
नको की. उद्या खडेबाजारात भेटतील.

चिकोडी_क्लच:
मोबाईलमध्ये दुसरा पंथ स्नॅपड्रॅगन चिपचा. ‘मीडियाटेक तापतो’ हे वाक्य पाठ करून आलेले. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ घ्या, सॅमसंगच्या कारखान्यात बनलेला, तापणारा. २०२२ च्या मध्यात तीच रचना टीएसएमसी या तैवानच्या कारखान्याकडं नेली, नाव ८ प्लस जेन १, आणि तापण्याची तक्रार बरीच आटोक्यात आली. त्या वर्षीचा मीडियाटेकचा डायमेन्सिटी ९००० टीएसएमसीचाच. रचना तीच, कारखाना बदलला, निकाल बदलला. फोन घेताना चिप कुठं बनली ते बघा, आणि वीस मिनिटं सलग खेळल्यावर फ्रेम किती राहतात ते बघा. पहिल्या दोन मिनिटांचा आकडा कोणाचाही चांगलाच असतो.

रेंज_नाही_जांबोटी:
इंटरनेट कंपन्यांचे फॅनबॉय राहिले. “आमचं घे, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी.”

टिळकवाडी_ट्रेसर:
हे मोजून ठरवता येतं, वाद कशाला? फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. बेळगाव ते मुंबई ५०० किलोमीटर धरा, जाऊन-येऊन १०००, म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद. हा झाला निसर्गाचा खर्च. तुमच्या कनेक्शनची वाट आधी बेंगळुरूला जाऊन मग मुंबईला येत असेल तर एका बाजूनं दीड हजार, दोन्ही मिळून ३००० किलोमीटर, १५ मिलिसेकंद. बाकी सगळं राउटर आणि गर्दीचं.

कमांड प्रॉम्प्टमध्ये ट्रेसर्ट चालवा आणि मधल्या टप्प्यांची नावं वाचा, शहराचा लघुरूपी कोड बऱ्याचदा दिसतो. संध्याकाळी आठला एकदा आणि पहाटे एकदा चालवा. पहाटे चांगला आणि रात्री वाईट आला तर गर्दी, दोन्ही वेळा सारखाच वाईट आला तर वाट लांबची. वायफायवरून मोजलेला पिंग इथं टाकू नका, केबल लावा. एकाच गल्लीत दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. शेजारच्या गावातल्या पोराचा अनुभव तुमच्या घरी लागू होईलच असं नाही.

फ्रेमड्रॉप:
याच धर्तीवर फ्रेमबद्दल. सरासरी एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) स्क्रीनशॉट टाकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १ टक्का लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग) मागा. सरासरी ९० आणि लो २८ असेल तर खेळताना झटके बसतात. सरासरी ७५ आणि लो ६० असेल तर मऊ चालतं. कॅपफ्रेमएक्स या सॉफ्टवेअरनं एकच दृश्य तीनदा मोजा, आधी पंधरा मिनिटं गेम चालू ठेवून कार्ड तापू द्या. डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारी युक्ती) चालू होतं का ते लिहा, फ्रेम जनरेशनचे (मधे घुसडलेले) फ्रेम वेगळे सांगा. एवढं लिहून जो आपल्याच कंपनीची बाजू घेतो, त्याच्याशी भांडायला मजा येते.

येळ्ळूर_व्होल्ट:
कार्डांना शिव्या देण्याआधी घरचा इन्व्हर्टर बघा, ही माझी जुनी तक्रार. ‘एएमडी घेतलं आणि पीसी आपोआप रिस्टार्ट होतोय’ अशा पोस्टी पावसाळ्यातच का वाढतात?

वीज गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला थोडा वेळ लागतो. पीसीचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरला मागं एक स्विच असतो, एका बाजूला साधा मोड, दुसऱ्या बाजूला यूपीएस मोड. साध्या मोडमध्ये बदल सावकाश होतो, पंखे-दिव्यांना चालतो, पीसी मात्र पडतो. स्विच यूपीएसवर टाका. पण त्यातही मेख आहे. यूपीएस मोड साधारण १८० व्होल्टच्या खाली मेन्स स्वीकारत नाही. खेड्यात संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज तिथंच घुटमळतो, इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो, आणि रात्री खरंच वीज गेली की बॅटरी रिकामी. तिथं पीसीच्या आधी चांगला स्टॅबिलायझर लागतो.

शिवाय स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेला सप्लाय यांचं नेहमी जमतंच असं नाही. प्युअर साइन वेव्ह घ्या. यात लाल-हिरव्याचा संबंध शून्य.

संचालक:
धागा छान चाललाय, फक्त सीमाप्रश्नावरच्या दोन पोस्टी काढल्या आहेत. त्यासाठी वेगळे कट्टे भरपूर आहेत.

नंदगडचा_नवखा:
नमस्कार. बी४५० वाला तो मीच. सगळं वाचलं. प्रोसेसर रायझन ५ २६००, रॅम ८ जीबीची एकच पट्टी, सप्लाय ४५० वॅट, ब्राँझ दर्जाचा, जुनं २ जीबी कार्ड. व्हॅलोरंट जास्त, जीटीए ५ कधीतरी. आणि अ‍ॅनिमेशनच्या कोर्ससाठी ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकायचंय. आता काय घेऊ सांगा, कुठल्याही रंगाचं चालेल.

मलप्रभा_काठ:
ब्लेंडर आधी सांगायचं की रे!

अनगोळकर:
खरं आहे. ब्लेंडर असेल तर ६६०० ची घेतलेली बाजू मी सोडतो, एनव्हिडियाच घे. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररमध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिक्स चालतं आणि त्यात कार्डातले आरटी (रे ट्रेसिंगचे) कोअर कामाला येतात. त्या वर्गातलं एएमडी कार्ड तिथं बरंच मागं राहतं. सेकंडहँड आरटीएक्स ३०६० १२ जीबी शोध. १२ जीबीच, ८ जीबीवालं ३०६० सुद्धा आहे, त्याची बस अरुंद. १६ लेन असल्यानं तुझ्या ३.० बोर्डाला अडचण नाही. कार्ड १७० वॅट, कंपनी ५५० चा सप्लाय सांगते. तुझा ४५० खराच ब्राँझ असेल तर २६०० सोबत तो ओढेल, पण ८-पिन वायर सप्लायमधूनच आलेली पाहिजे, मोलेक्सचा (जुन्या चार-पिन वायरचा) जोड लावायचा नाही.

फ्रेमड्रॉप:
अनगोळकरांशी सहमत, पण क्रम बदल. व्हॅलोरंट कार्डावर नाही, प्रोसेसर आणि रॅमवर अडतं. आधी आणखी ८ जीबीची पट्टी टाकून ड्युअल चॅनल (दोन पट्ट्या जोडीनं) कर, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग) चालू कर. हा सगळ्यात स्वस्त फरक. मग कार्ड. नंतर जमलं तर त्याच बोर्डावर रायझन ५ ५६००, पण प्रोसेसर बदलण्याआधी २६०० लावलेला असतानाच बायोस अपडेट करायचा. आधी चिप काढलीस तर स्क्रीन काळीच राहील.

सोल्डरवाला:
सेकंडहँड कार्ड घेताना: जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये कोअर आणि बसविड्थ जुळवून बघ, कार्डावर नकली बायोस टाकलेला असेल तर ते ‘फेक’ असं दाखवतं. अर्धा तास गेम चालवून दाखव म्हण. पंखा फुल करून कानानं ऐक, बेअरिंग गेलं असेल तर घरघर येते. स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याच्या खुणा असतील तर विचार, का उघडलं होतं. थर्मल पेस्ट बदलायला उघडलं असेल तर बिघडत नाही, सांगता आलं पाहिजे एवढंच.

येळ्ळूर_व्होल्ट:
आणि बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मेला, बोर्डावर फ्लॅशबॅकचं (बायोस परत भरायचं) बटण नसेल तर प्रोग्रामर लावून चिप लिहावी लागते. इन्व्हर्टरचा स्विच यूपीएसवर टाकूनच बस. पावसाळ्यात नंदगडला तर नक्कीच.

नंदगडचा_नवखा:
बरं. पट्टी या आठवड्यात बघतो. बायोस फाईल पेनड्राइव्हवर टाकली पण बोर्डाला पेनड्राइव्ह दिसतच नाही, ६४ जीबीचा आहे.

टिळकवाडी_ट्रेसर:
पेनड्राइव्हला फॅट३२ फॉरमॅट लागतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय बहुधा दिसत नाही, तू एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलं असशील. घरात ८-१६ जीबीचा जुना पेनड्राइव्ह असेल तो घे, फाईल झिपमधून बाहेर काढून टाक, बोर्डाच्या मागच्या यूएसबी २ मध्ये लाव.